डुकराची मागची उजवी तंगडी

१

खोलरानात रानडुक्कर मरून पडलं होतं आणि त्याला तीनच पाय होते. चौथा, मागचा उजवा, कुणीतरी सांध्यातून सुबक काढून नेला होता. बाकीचं डुक्कर जागच्या जागी होतं, आणि वनरक्षक संचिताला राग आला होता तो नेमका त्याचाच.

"केस सरळ आहे," रेंजचे साहेब म्हणाले. साहेबांच्या सगळ्याच केसेस सरळ असत, कारण वाकडी व्हायच्या आत ते जेवायला जात. "शिवाने सोमवारी कट्टा गावच्या एसटी स्टँडवर वीस माणसांसमोर सांगितलं, एका तरी डुकराला आडवा घालीन. आज गुरुवार. डुक्कर आडवं आहे. शिवाच्या बंदुकीच्या नळीला दारूचा वास आहे. आणखी काय पाहिजे?"

"पाय," संचिता म्हणाली.

"खाल्ला असेल."

"सकाळी सातच्या आत? आणि उरलेली साठ किलो सागोती रानात टाकून? सर, असा माणूस सिंधुदुर्गात अजून जन्माला यायचाय."

साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांच्या मागे विश्वेश उभा होता. पुण्याचा हा विश्वेश पाच महिन्यांपूर्वी या एकोणीस एकर खाजगी जंगलाचा मालक झाला होता. त्यासाठी तो आधी कागदोपत्री शेतकरी झाला होता. त्याच्या आजोबांनी म्हणे एकदा गच्चीत कोथिंबीर लावली होती. डोक्यावर टोपी होती आणि टोपीवर 'खोलरान शिकार क्लब' असं छापलेलं होतं. अशा चाळीस टोप्या गाडीत होत्या. सभासद अजून एकच होता.

"माझं डुक्कर माझ्या परवानगीशिवाय मारलं गेलंय," तो म्हणाला. "ही चोरी आहे."

"डुक्कर तुमचं नाही," संचिता म्हणाली.

"जंगल माझं, मग आतलं डुक्कर कुणाचं?"

"आम्ही सगळं कायदेशीर बघतंव, काळजी करू नका," परशुराम मधे पडला. हा जमिनीचा एजंट. पुराणातल्या परशुरामाने समुद्र हटवून कोकण वर काढलं होतं, आणि हा परशुराम ते गुंठ्यागुंठ्याने विकायला काढून बसला होता. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात चेन, खिशात तीन फोन. फक्त पाय उघडे होते. बूट त्याने हातात धरले होते आणि करवंदीच्या काट्यांतून तो एकेक पाऊल शोधत टाकत होता.

"बूट कित्याक काढलंस?" संचिताने विचारलं.

"नवीन आसत. चिखल लागतलो."

डिसेंबर होता. रानात चिखल शोधायचा तर घरून पाणी आणावं लागलं असतं.

"उद्या अकरा वाजता शिवाला कोर्टात उभा करायचा," साहेब म्हणाले. "तोपर्यंत तुला पाय शोधायचा असेल तर शोध. पण पायासाठी मी केस थांबवणार नाही."

संचिताचा राग डाव्या कानामागे तापायचा. आत्ता तिथे पापड भाजता आला असता.

२

शिवाला जप्त केलेल्या खैराच्या ओंडक्यांच्या खोलीत बसवलं होतं. तो एका ओंडक्यावर बसला होता, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या पुराव्यावर. वय साठीला आलेलं, शेतातली कणगां, म्हणजे कंद, खणून हात मातीने काळे.

"मी मारूक नाय," तो म्हणाला. "हवेत बार काढलंय. डुकरांनी निम्मी कणगां उकरून खाल्ल्यानी, मगे काय तेंका आरती ओवाळू?"

"स्टँडवर बोललंस ता?"

"बोललंय. पंधरा वर्सां दर म्हयन्याक बोलतंय. आजून एक पण पडाक नाय. वाडीत इचार, माझो नेम कसो तो. गेल्या वर्सी डुकरार मारलंय नि पाण्याची टाकी फुटली."

संचिताने हे लिहून घेतलं. टाकी पंचायतीची होती, ते लिहिलं नाही.

"उद्या दुपारी मंडळ अधिकाऱ्याकडे सुनावणी आसा," शिवाचा आवाज एकदम खाली आला. "रानाच्या फेरफारार मी हरकत घातलंय. माझी शेताक जाऊची वाट त्या रानातसून जाता. बापाशीच्या आधीपासूनची. तो पुणेकार कुंपण घालता. उद्या मी नाय गेलंय तर हरकत गेली. हरकत गेली की वाट गेली. वाट गेली तर शेतात काय हेलिकॉप्टरान उतरू?"

म्हणजे उद्या अकरानंतर शिवाची बंदूक जाणार होती, वाट जाणार होती आणि शेतीही. संचिताने पेन मिटलं.

"रान इकल्यान कोणी?"

"तुळसावयनीन. हरिश्चंद्राची बायल. सा म्हयने चेडवाकडे बेळगावाक जाऊन रवली, थयसून कागद करून परशुरामाक दिल्यान, आणि आमका कोणाक सांगूक पण नाय. बावीस दीस झाले परत इली तेका. वाडीत कोण तिच्याशी बोलणा नाय. मी पण नाय. सकाळ-सांज तिच्या खळ्यातसून जातंय, मान वर करणंय नाय."

"आज सकाळी तिच्या खळ्यातसून कोण रानात गेला?"

"माका काय म्हायत? मी मान वर करणंय नाय."

रागात गावं कशी आंधळी होतात, याचा हा उत्तम नमुना होता. संचिता उठली. तेवढ्यात शिवा मागून म्हणाला, "गो बाय, डुकराचो एक पाय नाय म्हणतत. खयचो?"

"मागचो उजवो."

शिवाचा चेहरा उतरला. तो मागच्या ओंडक्यांकडे तोंड वळवून बसला.

३

विश्वेशच्या कंटेनर-ऑफिसात भिंतीवर एक खरेदीखत चौकटीत लावलेलं होतं. मूळ दस्त एकोणीसशे अडतीसचा, आणि त्यातली एक ओळ पिवळ्या शाईने रंगवलेली: 'सदरहू रान शिकारीच्या हक्कासह'.

"ह्या ओळीसाठी घेतलं मी," विश्वेश म्हणाला. "परशुराम म्हणाला, असा हक्क अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नाही. सुरुवातीला पत्र्याची डुकरं उभी करून छऱ्याच्या बंदुका. मग हळूहळू खऱ्याकडे."

"शिकारीला बहात्तर सालापासून बंदी आहे."

"पण हक्क अडतीसचा आहे," विश्वेश समजुतीने म्हणाला. कायदा नंतर जन्मला म्हणून त्याने रांगेत उभं राहावं, असं त्याचं मत होतं.

"काल रात्रीपासून तुमच्या गेटवर काही वेगळं दिसलं? काहीही?"

"कुत्र्याने लघवी केली होती. आणखी काही नव्हतं. का?"

संचितालाही अजून नीट माहीत नव्हतं. शिवाचा चेहरा का उतरला, एवढंच तिला हवं होतं. ती वालावलची. तिथे खाडी आणि देऊळ; डुकरांच्या शिकारीतलं तिला फारसं कळत नव्हतं. कळणारा एकजण होता: तुळसाचा पुतण्या मंगेश, ज्याच्या तारकर्लीच्या लॉजच्या फळ्यावर 'आजचे स्पेशल' या शब्दांपुढे कधीच काही लिहिलेलं नसे आणि तरी गिऱ्हाईकं डोळा मारून तेच, म्हणजे रानडुकराची सागोती, मागत.

मंगेश माडाखाली बसून बांगडे साफ करत होता. संचिताच्या खाकीकडे बघून त्याने आधी फळा पुसला.

"पहाटे खंय होतंस?"

"होडयेर. बावीस टुरिस्टांका डॉल्फिन दाखवूक. डॉल्फिन इले नाय. बावीसय जण साक्षीक आसत, एक तर रडाक लागलेलो."

"काकीशी बोलतंस?"

"नाव काढू नको!" मंगेशने सुरी आपटली. "अख्खा रान इकल्यान. माझ्या आज्याचा. माका एक फोन नाय. ती मेली तरी मी जाऊचंय नाय."

"डुकराचो एक पाय नाय गावणा. मागचो उजवो."

मंगेशची सुरी थांबली. त्याने आजूबाजूला बघितलं, पाय पोटाशी घेतले आणि हळूच म्हणाला, "माका ह्यातला काय इचारू नको. माझे दोन्ही डोळे बरे आसत, ते बरेच रवानेत."

मग बांगड्यांसकट आत गेला आणि दार लावून घेतलं.

४

रानात जायची दुसरी वाट तुळसाच्या घरापुढच्या अंगणातून, खळ्यातून होती. दुपारी दीड वाजता संचिता तिथे पोचली तेव्हा सत्तरीची तुळसा ओट्यावर बसून कोंबडीला सगळी हकिगत सांगत होती.

"ये गो! ये! बस!" तुळसा अशी उठली की कोंबडीच दचकली. "बावीस दिसांनी माणूस इला. तो मेलो परशुराम सोडल्यास कोण खळ्यात थांबणा नाय. गणपतीक येवक नाय, म्हणान रागावलेत असतले. तुका बोलूक येता मा?"

"येता, काकी."

"मग जेवन जा. गरम वडे आसत. आणि सागोती."

संचिता सकाळपासून उपाशी होती. सरकारी कामात जेवू नये असा नियम असेल, पण तो वड्यांच्या वासाच्या आवाक्यात लिहिलेला नसावा. ती बसली. पहिला वडा शांततेत गेला. दुसऱ्याला तुळसाच्या मुलीचं बेळगावातलं बाळंतपण झालं. सागोतीचा रस्सा काळपट, मसाला दाट, मांस जरा राठ पण चवीचं.

तिसऱ्या वड्याला तिच्या दाताखाली काहीतरी कडक आलं. तिने ते बोटांवर काढलं.

शिशाचा छर्रा होता.

५

"काकी," संचिताने शक्य तितक्या हळू विचारलं, "ही सागोती खयची?"

"डुकराची," तुळसा म्हणाली. "आणखी वाढू?"

वनखात्याच्या इतिहासात मुद्देमाल बऱ्याच ठिकाणी सापडला होता. तपास अधिकाऱ्याच्या पोटात पहिल्यांदाच. संचिताने ताट बाजूला सरकवलं, छर्रा रुमालात बांधला आणि पंचनाम्यात खाल्लेल्या भागाचं वजन न लिहिण्याचा निर्णय घेतला.

"तुमका कोणी दिल्यान?"

"ता इचारूचा नसता गो. रानाचो वाटो तो. रानात डुक्कर पडलो की मागची उजवी तंगडी रानाच्या मालकाची. मारलेलो माणूस उजाडायच्या आधी येता, कुमयाच्या पानात बांधून खांबाक टांगता, जाता. मालकान बाहेर येवचा नाय, तेणी तोंड दाखवूचा नाय. सासऱ्यापासून असाच. वर्सातसून एखादी येयच. आता बंदी म्हणतत, म्हणान धा-बारा वर्सां येवक नाय. आज दार उघडलंय तर खांबाक टांगलेली. म्हटलंय, चला, वाडीत कोणाक तरी माझी आठवण आसा."

"नाय दिल्यान तर?"

तुळसाने कानाला हात लावला. "देवचार बसलो मा शीमेर, रानाचो राखणदार. वाटो नाय दिलेल्याचे डोळे वर्साच्या आत जातत. परशुरामाच्या आज्याचे गेले. तेणी तंगडी सोयऱ्यांका खाऊक घातल्यान. मेलो सोळा वर्सां ओट्यार बसलेलो आंधळो."

संचिताच्या कानामागची जागा एकदम थंड पडली. इतकी थंड की तिला वाटलं, आपण चुकून शांत झालोय.

"पण काकी, रान तर तुम्ही विकलंत," ती प्रमाण मराठीत म्हणाली. घाबरली की ती ऑफिसात असल्यासारखी बोलायची. "पाच महिन्यांपूर्वी. पुण्याच्या माणसाला."

"कोणी? मी?" तुळसा हसली. मग संचिता हसत नाही हे तिच्या लक्षात आलं. "मी कित्याक इकू? घरकारान मरताना सांगलेला, रान इकू नको. परशुराम बेळगावाक इलेलो. म्हणालो, हरिश्चंद्रकाकाच्या नावार आसा, वारसनोंद करूची. गाडीत बसान सात-आठ कागदार सही घेतल्यान. माका चिकू दिल्यान."

कुलमुखत्यारपत्र होतं ते. त्याच्या जोरावर परशुरामाने एकोणीस एकर विकलं होतं, एका चिकूत.

तुळसा खांबाकडे बघत राहिली. मग तिला समजायला लागलं, की वाडी गप्प का होती.

"गणपतीमुळे नाय, मा?" तिने विचारलं.

"नाय, काकी."

म्हातारी रडली नाही. तिने सागोतीचं भांडं उचललं आणि परड्यात नेऊन उपडं केलं. "उद्या खंय येवचा ता सांग," ती म्हणाली. "आणि काठी आणू की तुमका चलाची नाय?"

६

शुक्रवारी सकाळी आठला खोलरानच्या सीमेवर माणसं जमली. सीमेवर एक दगड होता, शेंदूर नाही, मूर्ती नाही. पायथ्याशी एक विडी आणि फुटका नारळ. हाच देवचार. विश्वेश त्याच्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधायच्या बेतात होता, तेवढ्यात मंगेशने त्याला खांद्याने ढकललं.

साहेब गाडीतून उतरले नाहीत. काच खाली केली, हेच त्यांचं सहकार्य.

"पाय सापडला," संचिता म्हणाली. "मारणाऱ्याने तो मालकाच्या घरी पोचवला. हा इथला वाटा. म्हणजे मारणारा इथलाच, आणि देवचाराला भिणारा. म्हणून विश्वेशसाहेब सुटले."

"म्हणजे मी संशयित होतो?" विश्वेशला थोडं बरं वाटलं.

"उरलं डुक्कर त्याने रानातच सोडलं, कारण ते सापडायलाच हवं होतं. शिवा आज सुनावणीला पोचू नये म्हणून. मंगेश, तू मारलं असतंस तर तंगडी खंय टांगलं असतंस?"

"ह्येंच्या गेटार," मंगेशने टोपीकडे बोट दाखवलं. "रान आता ह्येंचा. शिवाकाकान पण थयच टांगली असती. अख्खी वाडी थयच टांगती."

"पण तंगडी गेली तुळसाकाकीकडे." संचिता दगडाकडे वळली आणि आवाज अगदी साधा ठेवला. "म्हणजे मारणाऱ्याचा घोटाळा झाला. ज्या बाईचा रानाशी संबंध उरला नाही, तिच्या खांबाला वाटा गेला. खरा मालक कोरडा राहिला. देवचार तरी काय करणार? वाटा चुकला तो चुकला."

 परशुरामाने गॉगल काढला, पुसला, परत घातला. आजही त्याचे बूट हातात होते; देवचाराच्या हद्दीत तो बूट घालत नव्हता.

"परशुराम, तू सौदा केलंस. ह्या दगडार हात ठेव आणि येवढाच सांग: रान विश्वेशसाहेबांचा. मगे आम्ही सगळे मोकळे."

"ही अंधश्रद्धा आसा," परशुराम म्हणाला.

"मग ठेव ना!" मागून तुळसा कडाडली. ती काठी टेकत खळ्यातून चढून आली होती. "माका चिकू देताना हात कापाक नाय तुझो!"

परशुरामाने हात पुढे केला. दगडापासून वीतभर अंतरावर तो थांबला. त्याने आजवर चार तालुक्यांत, नाना टेबलांवर, नाना शिक्क्यांखाली न कचरता सह्या केल्या होत्या. इथे साधा दगड होता आणि त्याच्या कपाळावरून घाम गॉगलच्या आत गळत होता.

"आज्याक सोळा वर्सां जेवण कोण भरवायचा?" संचिताने विचारलं. "तूच मा?"

"वाटो चुकाक नाय!" परशुराम किंचाळला. तो त्यांच्याशी बोलतच नव्हता, दगडाशी बोलत होता. "बरोबर घराक दिलंय मी! मालकीण तीच आसा! तीच आसा मालकीण, तिका म्हायत नाय पण तीच! मी सोता बांधलंय, कुमयाच्या पानात, मागची उजवी, उजाडायच्या आधी! माझे डोळे घेव नको!"

साहेब गाडीतून उतरले. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हाताने कागद घेतला.

"थांबा," विश्वेश म्हणाला. "म्हणजे मी नक्की काय विकत घेतलं?"

"कागद खरा असता तरी," संचिता म्हणाली, "रान, आणि त्यात मेलेल्या डुकराची एक तंगडी. तुमच्या पिवळ्या ओळीचा अर्थ तेवढाच. हक्क मारायचा नव्हता, वाट्याचा होता. आणि तोही बहात्तरपासून बंद."

विश्वेशने टोपी काढली. गाडीतल्या चाळीसांचं काय करायचं, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. पोलिसात जावं लागेल, एवढं त्याला कळलं. फिर्यादी म्हणून की आणखी कसं, ते कळलं नाही.

तुळसाने काठी उचलली. साहेबांना त्याच क्षणी पलीकडची किंजळीची झाडं तपासावीशी वाटली आणि ते पाठ करून उभे राहिले. संचिता सरकारी नोकर होती, तिने मधे पडायला हवं होतं. ती पडलीही. जरा सावकाश.

७

शिवाला साडेदहाला सोडलं. दुपारच्या सुनावणीला कट्ट्याहून एकच रिक्षा मिळाली, त्यामुळे शिवा, तुळसा आणि संचिता तिघं एकाच सीटवर दाटीवाटीने बसली. मधे संचिता. 

"वयनी," अर्ध्या रस्त्यात शिवा म्हणाला, "माका म्हायत नव्हता."

"इचारलंस?"

"नाय."

"चाळीस वर्सां माझ्या खळ्यातसून जातंस. माझ्या घरकाराक खांदो दिलंस. आणि बावीस दीस मान खाली घालून गेलंस. तुझ्या तोंडात बोळो होतो?"

"चुकलंय."

"चुकलंय म्हणता!" तुळसा संचिताकडे बघून म्हणाली, जणू शिवा रिक्षातच नव्हता. "कोंबयेशी बोललंय गो मी. कोंबयेशी! ती तरी मान वर करून बघी."

संचिताला शिवाचा आणि सगळ्या वाडीचा एकदम राग आला. परशुरामाला उद्या कलमं लागतील. पण म्हातारी बाई बावीस दिवस एकटी सोडली म्हणून वाडीला लावायला वनखात्याकडे कलम नव्हतं. तिने खात्री करून घेतली होती.

मंडळ अधिकाऱ्यांसमोर तुळसाने दोन वाक्यं सांगितली: रान मी विकलेलं नाही, आणि वाट शिवाची आहे. दोन्ही लिहून घेतली गेली. पहिल्याला कोर्टात वर्षं लागतील, असंही तिला सांगण्यात आलं. "लागांदे," ती म्हणाली. "मी खंय जातंय?"

बाहेर आल्यावर ती शिवासमोर काठी रोवून उभी राहिली.

"वाट तुझी. पण उद्यापासून खळ्यात इलंस की हाक मारूची. शिव्या घातलंस तरी चलात. गप जाव नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी संचिता खोलरानच्या कुंपणावरची 'खाजगी मालमत्ता' पाटी पुरावा म्हणून उतरवत होती. सात वाजले होते. खालून, खळ्याच्या बाजूने, शिवाचा आवाज रान चिरत वर आला:

"वयने! म्हातारे! जिती आसस की मेलंस?"

झाडांवरचे कावळे उडाले. वाडीत दोन-तीन दारं उघडली. मग तुळसाच्या घराचं दार भिंतीवर आपटलं आणि त्याच्या दुप्पट आवाजात उत्तर आलं. ते उत्तर इतकं लांबलचक आणि इतकं घाणेरडं होतं, की संचिता पाटी हातात धरून शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.